लिफ्टने वर, जिन्याने खाली

शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली आणि भाच्याने घरच्या ग्रुपवर एक एक्सेल शीट टाकली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तीन दिवस, तीन मोहिमा’. खाली तासागणिक रकाने. झोपेचाही रकाना होता, पण तो सगळ्यात अरुंद.

त्या शीटचं पुढे काय झालं, तिच्या जागी कोणता बेत आला आणि डोंगरावर गेल्यावर त्यातलं किती टिकलं, हे इथे मांडते आहे. जागेचं नाव मुद्दाम गाळलंय. उंची, अंतर आणि वेळ एवढं कळलं की डोंगर कुठला याने हिशोबात फरक पडत नाही.

आधी माणसं. भाचा २४ वर्षांचा, हाफ मॅरेथॉन पळणारा. त्याची बहीण १५ वर्षांची, चपळ, पण लवकर कंटाळणारी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ५४ वर्षांचा. काम बैठं आणि उजवा गुडघा कुरकुरणारा. वहिनी रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, खाडा नाही. आणि पाचवी मी. असे बेत तपासायला माझ्याकडे येतात, कारण गेल्या पंचवीस वर्षांत या कामातल्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्या आहेत.

मूळ बेत

शीटप्रमाणे शनिवारी पहाटे पाचला निघायचं, सहा तास गाडी, अकराला मुक्कामी. मुक्काम १,४०० मीटरवर. बारा वाजता ‘वॉर्म-अप’ म्हणून शेजारची टेकडी: ४५० मीटर चढ, दगडी पायऱ्या, तेवढाच उतार. रविवारी मुख्य डोंगर, माथा २,३५० मीटर. एका सोंडेने चढून दुसरीकडून उतरायचं, एकूण १६ किलोमीटर, वेळ चार तास. सोमवारी सकाळी ३५ किलोमीटर सायकल, मग आंघोळ आणि परतीचे सहा तास.

“चार तास कसे काढलेस?” मी विचारलं.

“ताशी चार किलोमीटर, आत्या. मी तर दहाने पळतो.”

म्हणजे डोंगर त्याने आडवा पाडून मोजला होता. ही चूक नवी नाही. तिच्यावरचा उपायही जुना आहे. १८९२ साली विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने आपल्या एका दिवसाच्या भटकंतीची नोंद लिहिताना तो सहज सांगून टाकला. दहा मैल अंतर, ६,३०० फूट चढ, वेळ साडेसहा तास. दर तीन मैलांना एक तास आणि वर दर २,००० फूट चढाला एक तास. गणित करून बघा, मिनिटभराच्या फरकाने जुळतं. मेट्रिकमध्ये साधारण असं: पाच किलोमीटरला एक तास, ६०० मीटर चढाला आणखी एक.

भाच्याच्या रविवारला हा नियम लावला तर १६ किलोमीटरचे ३ तास १२ मिनिटं, ९५० मीटरचे १ तास ३५. झाले पावणेपाच. पण नाइस्मिथ हा कसलेला डोंगरी गडी होता, दादा नाही. म्हणून आमचा स्वतःचा गुणक काढणं भाग होतं. तीन आठवडे आधी मी दादाला एका लहान डोंगरावर घेऊन गेले. येऊन-जाऊन साडेपाच किलोमीटर, ४४० मीटर चढ. नियमाप्रमाणे एक तास पन्नास मिनिटं व्हायला हवी होती. आम्हाला पावणेतीन तास लागले. गुणक दीड.

एवढ्या एका सकाळीने बेत निम्मा सुधारला. पावणेपाचाची दीडपट सव्वासात तास, वर थांबे धरून साडेआठ. भाच्याच्या चार तासांच्या दुपटीहून जास्त. वहिनी त्या सकाळी येऊ शकल्या नाहीत. मला वाटलं, काही बिघडत नाही, सगळ्यात हळू चालणारा माणूस दादाच आहे. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याचा हिशोब चुकता करावा लागला.

उतार

आता या प्रकरणातला कळीचा मुद्दा. भाच्याची शीट मी तासांमुळे मोडली नाही. तास वाढवून घेता आले असते. ती मोडली शनिवारच्या त्या निरुपद्रवी ‘वॉर्म-अप’मुळे.

बेत करताना सगळे चढ मोजतात, कारण चढताना दम लागतो आणि दम लगेच कळतो. उताराचं बिल उशिरा येतं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. प्रत्येक पावलाला शरीर खाली कोसळायला बघतं आणि मांडी त्याला धरून ठेवते. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं आणि चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं. (‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं म्हणायची पद्धत आहे. ते ॲसिड तासा-दोन तासांत निघून जातं, त्याचा या दुखण्याशी संबंध नाही.)

हे तास तीन दिवसांच्या सुट्टीवर ठेवून बघा. शनिवारी दुपारी तीन वाजता ४५० मीटर पायऱ्या उतरलो, की दुखणं रविवारी पहाटे मांडीत हजर, आणि रविवारी दुपारी, नेमका ९५० मीटरचा उतार सुरू होताना, रंगात. दोन दिवसांच्या सहलीत माणूस घरी पोचल्यावर लंगडतो. आठवड्याच्या सहलीत मध्ये दिवस सापडतो. पण तीन दिवसांची सुट्टी या दुखण्यासाठीच बेतल्यासारखी असते. म्हणून पहिल्या दिवशी उतार नको. सहल कितीही ‘ॲक्टिव्ह’ असो, पहिल्या दिवशी पायऱ्या उतरायच्या नाहीत.

यातून दिवसांचा क्रम आपोआप लागला. शनिवारी फक्त ओढ्याकाठची सपाट वाट. रविवारी डोंगर. आणि सोमवारी सायकल, जी मी काढून टाकेन अशी भाच्याला खात्री होती. उलट सोमवारसाठी सायकलच बरोबर होती. पेडल मारताना मांडीवर ब्रेकचं काम जवळपास पडत नाही, त्यामुळे दुखऱ्या पायांनीही सपाटीवर सायकल चालवता येते. फक्त ३५ किलोमीटरचे १८ केले. पुढे गाडी हाकायची होती आणि व्यायाम करून आलेला ड्रायव्हर जेवणानंतर स्टिअरिंगवर पेंगतो. एकाला दोन चालक ठेवले आणि निघायची वेळ एकच्या आत बांधली.

दुसरा उपाय दादासाठी. उताराच्या इजेची एक चांगली बाजू आहे. स्नायूला ती एकदा झाली की पुढचे काही आठवडे तशाच कामाने तो फारसा दुखत नाही. म्हणजे तयारी करायची तर चढायची नाही, उतरायची. दादाची इमारत बारा मजल्यांची. मी त्याला सांगितलं, दिवसाआड संध्याकाळी लिफ्टने वर जायचं आणि जिन्याने खाली यायचं. पहिल्या दिवशी तीनदा, मग वाढवत आठदा. घाई नाही, कठड्याला हात लावलेला चालेल.

“चढू नको?” दादा म्हणाला. “लोक जिने चढतात.”

“चढ. पण मोजायचं ते उतरणं.”

तिसऱ्या दिवशी वॉचमनने त्याला अडवून विचारलं, “साहेब, काही हरवलंय का?” पहिल्या आठवड्यात दादाला खुर्चीत बसताना हातांचा आधार घ्यावा लागला. त्याने फोन करून मला यथेच्छ बोलून घेतलं. मला बरंच वाटलं. हे दुखणं घरी भोगून संपत होतं.

वहिनींनाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “मी रोज चालते हो, मला कशाला?” भाचा नुसता हसला.

नकाशावर

वर्तुळाकार वाटेवर माझा आणि भाच्याचा खरा वाद झाला. आल्या वाटेने परत जाणं त्याला पराभव वाटतो. नवीन काही दिसत नाही, हे त्याचं म्हणणं खोटंही नाही. मी नकाशा पसरला. २५ हजारात एक प्रमाण, दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, वीस मीटर. चढायच्या सोंडेवर रेषा सैल होत्या. उतरायच्या बाजूला एका ठिकाणी एका सेंटिमीटरात सहा रेषा. म्हणजे जमिनीवरच्या २५० मीटरमध्ये १२० मीटर खाली, साधारण २६ अंशांचा उतार, आणि तो सलग अर्धा किलोमीटर. फोटोंमध्ये तिथे घसारा दिसत होता. सुटे दगड, पाय ठेवला की पायासकट निघणारे.

नाइस्मिथने उताराला वेळच धरला नव्हता. ती दुरुस्ती पुढे एरिक लँगम्युअर या ब्रिटिश तज्ज्ञाने केली. ५ ते १२ अंशांच्या मऊ उताराला दर ३०० मीटरमागे दहा मिनिटं वजा करायची, बारा अंशांच्या वर दहा मिनिटं वाढवायची. सपाटीपेक्षा वेगात माणूस फक्त हलक्या उतारावर चालतो. पुढे उतार जितका खडा, तितका तो ब्रेक लावतो.

पण वेळ हा वर्तुळाविरुद्धचा मुख्य मुद्दा नव्हता. आल्या वाटेने परतायचं असेल तर कुठूनही मागे फिरता येतं आणि पुढे काय आहे ते माहीत असतं. वर्तुळात अर्ध्यापुढे गेलो की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच लांब होतं, आणि अवघड भाग थकलेल्या पायांच्या वाट्याला, दिवसाच्या शेवटी येतो. कसलेल्या मंडळींनी जरूर वर्तुळ करावं. गुणक दीड असलेल्यांनी पहिल्या खेपेला करू नये. शेवटी भाच्याने मान्य केलं, मनापासून नाही, पण केलं.

मग परतीची वेळ. ही मी नेहमी शेवटाकडून काढते. सूर्यास्त सहा दहाला. अंदाजात दुपारनंतर ढग जमण्याची शक्यता होती, म्हणून चारपर्यंत खाली हवं. उतरायला आठ किलोमीटरचा एक तास ३६ मिनिटं, सहाशे मीटर खड्या भागाची वीस मिनिटं, त्याची दीडपट, वर अर्धा तास थांबे: साडेतीन तासांच्या जरा आत. म्हणजे साडेबारा. साडेबाराला जिथे असू तिथून मागे, माथा दहा पावलांवर असला तरी. चढायला याच हिशोबाने साडेपाच तास लागणार होते. साडेसहाला निघालो तर बाराला माथ्यावर, अर्धा तास हाताशी.

ही वेळ मी सगळ्यांकडून आदल्या रात्री मोठ्याने म्हणून घेतली. वर गेल्यावर ठरवायची गोष्ट नाही ती. वर गेल्यावर प्रत्येकजण वकील होतो.

बाकीचं चटकन सांगते. उंचीचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, आमचा माथा त्याच्या खाली. मुक्कामच त्याच्या वर असता तर तीन दिवसांत हा बेत मी केलाच नसता. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे माथ्यावर मुक्कामापेक्षा सहा अंश कमी, आणि वारा वेगळा. म्हणून प्रत्येकाकडे वारा अडवणारं जाकीट आणि अंगात सुती काही नाही. सुती कपडा घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. माणशी एक हेडटॉर्च, दिवसाउजेडी परतणार असलो तरी. नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला आणि कागदावर छापलेलाही. शिट्टी: मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, ही मदतीची हाक; उत्तर मिनिटाला तीन. आणि मुक्कामाच्या मालकांकडे चिठ्ठी, त्यात वाट आणि ‘सात वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करा’ एवढंच.

पाणी प्रत्येकी दोन लिटर. १,९०० मीटरवर वाट एक ओढा ओलांडते, तिथे भरून घ्यायचं. नकाशात ओढा तुटक निळ्या रेषेने दाखवला होता.

शनिवार

सगळं जग त्याच सुट्टीला त्याच रस्त्यावर होतं. अकराच्या जागी दीडला पोचलो. मूळ शीटप्रमाणे आम्ही अडीचला पायऱ्या चढू लागलो असतो. भाचा काही बोलला नाही, मीही नाही. ओढ्याकाठी चार किलोमीटर चाललो. भाचीने पाण्यात पाय सोडले आणि तासभर फोन बघितला नाही, हे त्या दिवसाचं सगळ्यात मोठं आश्चर्य.

संध्याकाळी नखं कापायचा कार्यक्रम झाला. हे हसण्यावारी नेऊ नका. लांब उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि वाढलेलं नख काळं पडतं. उतार सुरू होण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी पुन्हा आवळायच्या, म्हणजे पाय बुटात पुढे सरकत नाही. भाचीला ते दोनदा करून दाखवलं.

रविवार

सहा चाळीसला निघालो. दहा मिनिटं उशीर, कारण दादाचा चष्मा.

पहिला दीड तास सुरेख. सोंडेवरची वाट मळलेली, चढ एकसारखा. दादा पुढे आणि आम्ही मागे, कारण वेग त्याचाच धरायचा होता. सगळ्यात पुढे भाच्याला सोडला असता तर तो वळणावर थांबून वाट बघत बसला असता आणि दादा पोचताक्षणी उठून चालू लागला असता. म्हणजे विश्रांती ज्याला नको त्याला मिळते. आठ दहाला भाची म्हणाली, टाच गरम वाटतेय. तिथेच बसवलं, मोजा काढला, लाल झालेल्या जागी चिकटपट्टी लावली. सहा मिनिटं गेली. फोड आल्यावर लावली असती तर दिवस गेला असता.

नऊ पन्नासला ओढ्यावर पोचलो. ओढा होता, पाणी नव्हतं.

ही चूक सर्वस्वी माझी. तुटक निळ्या रेषेचा अर्थच हंगामी प्रवाह, आणि तो मला माहीत होता. दोन आठवड्यांपूर्वी पाऊस झाला होता, म्हणून मी गृहीत धरलं. पांढरेफटक गोटे, मध्ये भेगाळलेला चिखल आणि काठावर पाच माणसं एकमेकांच्या बाटल्या बघत. दहा लिटरमधलं साडेचार उरलं होतं. तासाला माणशी अर्धा लिटर धरलं तर पुढच्या साडेपाच तासांना चौदा हवे.

भाच्याने लगेच तोड सुचवली. “आत्या, मी आणि ही पटकन वर जाऊन येतो. तुम्ही तिघं पाणी ठेवा आणि खाली निघा.” ऐकायला शहाणपणाचं. पण मग दोन्ही तुकड्यांत एकेक माणूस कमी अनुभवाचा, नकाशा एकाकडे आणि पाणी दोघांकडेही अपुरं. मी नाही म्हटलं. सगळ्यांनी परत फिरणं हा दुसरा मार्ग, तो सगळ्यात सोपा होता आणि मी तो जवळजवळ घेतला होता.

मग वहिनी म्हणाल्या, “वर आटलाय, खाली कुठे असेल ना?” बरोबर होतं. असे प्रवाह वरच्या बाजूला गोट्यांखालून वाहतात आणि खडक आडवा आला की पुन्हा वर येतात. मी आणि भाचा शिट्ट्या घेऊन पात्रातून खाली उतरलो, तिघं तिथेच बसली. पाच मिनिटांवर एक आडवा कातळ होता आणि त्याच्या पायाशी घमेल्याएवढं डबकं. पाणी हलत होतं, म्हणजे झिरपत होतं. डब्याच्या झाकणाने भरत बसलो. एक झाकण, दुसरं झाकण, मध्ये गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. भाचा चिडलेला होता आणि त्याच वेळी फार काळजीने पाणी भरत होता. नऊ लिटर झालं. रुमालातून गाळलं, क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या. त्यांना अर्धा तास लागतो, पण तेवढा वेळ चालण्यात जातो.

पावणेअकराला पुन्हा निघालो. पंचावन्न मिनिटं गेली होती. मनातल्या मनात हिशोब केला तेव्हाच कळलं की साडेबाराला माथा गाठता येणार नाही. बोलले नाही. हे बरोबर केलं की नाही, अजून ठरवता आलेलं नाही.

साडेबारा वाजले तेव्हा आम्ही २,२३० मीटरवर, धारेवरच्या एका खांद्यावर होतो. माथा समोर दिसत होता, त्यावरचा दगडांचा ढीगही. १२० मीटर चढ, फार तर चाळीस मिनिटं.

“आत्या, चाळीस मिनिटं.”

“चाळीस वर, आणि पंचवीस खाली.”

“आकाश बघ. काहीही नाहीये.”

खरंच काही नव्हतं. दादाने माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि खाली बसून बुटाच्या नाड्या घोट्यापाशी आवळायला लागला. वाद तिथे संपला.

वीस मिनिटं बसून खाऊन घेतलं आणि उतरायला लागलो. दोनच्या सुमाराला ढग आले, एकदा सावली पडली, आणि गेले. पाऊस नाही, गडगडाट नाही. म्हणजे माथ्यावर जाऊन आलो असतो तरी काही बिघडलं नसतं. असं लिहिताना ‘आणि तेवढ्यात वीज कडाडली’ हे वाक्य यायला हवं, म्हणजे निर्णय बरोबर ठरतो. ते आलं नाही. साडेबाराचा निर्णय साडेबाराला जे माहीत होतं त्यावर घेतला होता, आणि भाच्याला तो आजही पटलेला नाही.

पण उतरताना जे झालं त्याने माझा हिशोब मोडला. मी सगळं गणित दादाच्या वेगावर बांधलं होतं, आणि चढताना ते तंतोतंत जुळलंही होतं. उतारावर दादा दोन्ही काठ्या टेकत, लहान पावलं टाकत, घड्याळासारखा चालला. मागे पडल्या वहिनी. सपाटीवर आम्हा सगळ्यांना मागे टाकणाऱ्या वहिनींच्या मांड्या पहिल्या तीनशे मीटरनंतर थरथरायला लागल्या. त्या आडव्या वळून, एकेक पाय खाली टेकत उतरू लागल्या. मी माझ्या काठ्या त्यांना दिल्या. उतारासाठी काठी थोडी लांब करावी लागते, चढाच्या मापावर ठेवली तर माणूस पुढे वाकतो. ते करून दिल्यावर जरा बरं झालं.

चढावर जो सगळ्यात हळू, तोच उतारावर सगळ्यात हळू असेल असं नाही. पंचवीस वर्षांत हे मला दिसलं नव्हतं, कारण मी गुणक नेहमी येऊन-जाऊन एकत्र काढत आले. आता दोन काढते, एक वर जायचा, एक खाली यायचा, आणि दोन्ही सगळ्यांचे. त्या तीन आठवड्यांपूर्वीच्या सकाळी वहिनी असत्या तर उतरायला आम्ही अर्धा तास जास्त धरला असता आणि परतीची वेळ बारा ठरली असती.

चार पंचवीसला मुक्कामी पोचलो. वेळेपेक्षा उशीर, पण उजेड भरपूर. चिठ्ठी परत घेतली.

सोमवार

सकाळी जिन्यावर आवाज आला म्हणून बाहेर आले. वहिनी वरच्या मजल्यावरून पाठमोऱ्या उतरत होत्या, दोन्ही हातांनी कठडा धरून, प्रत्येक पायरीला “आई गं”. त्यांच्या मागे हाफ मॅरेथॉनवाला भाचा, तोही कठडा धरून, पण आवाज न करता. पळणं सगळं सपाट रस्त्यावरचं. आठशे मीटर उताराला त्याच्या मांड्याही नवख्याच. भाचीचं थोडंफार दुखत होतं. आणि दादा दोन्ही हात खिशात घालून खाली उभा राहून हा सोहळा बघत होता.

“काही हरवलंय का?” तो म्हणाला.

सायकलवर बसल्यावर वहिनी व्यवस्थित चालल्या. अठरा किलोमीटर खोऱ्यातल्या रस्त्याने, सावकाश. अडचण फक्त उतरताना. सायकल थांबली की कुणीतरी ती धरायची आणि वहिनी पाय उचलून पलीकडे घ्यायच्या, हे आम्ही तीनदा केलं. पावणेएकला गाडी निघाली. पहिले तीन तास दादाने चालवली, पुढचे मी. मागच्या सीटवर तिघंही झोपली होती.

मंगळवारी सकाळी भाच्याचा मेसेज आला. ऑफिस आठव्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. “चढताना काही नाही वाटलं, आत्या. संध्याकाळचं काय करू?”